न सांगितलेली खोड

स्टार्टर फिरतो, इंजिन खरखर करतं, बोनेट थरथरतं, पण गाडी पेटत नाही. साफ बंद पडलेल्या गाडीचा येत नाही एवढा राग अशा गाडीचा येतो. ती पूर्ण मेलेली असती तर मी सकाळीच तिच्याकडे पाठ फिरवली असती. पण ती प्रत्येक वेळी आता होईल, आता होईल असं वाटायला लावत होती. दिग्रसच्या माझ्या घरासमोर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मी किल्ली फिरवत बसलो होतो. सकाळचे दहा वाजले होते. पाचच्या आत यवतमाळला पोचायचं होतं.

मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता. मूळ कागद जमा करायचा तो शेवटचा दिवस. जात वैधतेचा कागद आदल्या दिवशी दुपारी हाती आला, त्यामुळे त्याआधी जाण्याचा प्रश्नच नव्हता. पाचनंतर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. आमच्या तांड्यावरून आजवर एकही मुलगी नर्स झालेली नाही. माझे आजोबा बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरायचे, माझा बाप दुसऱ्याच्या वावरात राबला, आणि मी हातात काही नसताना सरकी-ढेपेचा, म्हणजे गुरांच्या खुराकाचा, धंदा उभा केला. तेव्हा मुलीला कॉलेजात सोडायचं ते स्वतःच्या गाडीतून, हे मी ठरवून टाकलं होतं. त्यासाठी आदल्या संध्याकाळी वॉशिंगवाल्याला दारात बोलावून गाडी आतून-बाहेरून धुऊनही घेतली होती.

तासभर मी किल्ली फिरवली. मग शेजारच्या चौघांना लावून गाडी ढकलली, चौकापर्यंत नेली आणि परत आणली. काही झालं नाही. ढकलणाऱ्यांपैकी एकानं सुचवलं की आता बैलजोडी लावावी. बाकीचे हसले. मी हसलो नाही.

मुलगी फाइल छातीशी धरून ओट्यावर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "बा, साडेबाराची बस आहे. बसनं जाऊ."

"दारात गाडी असून बसनं जाऊ? लोकायले काय सांगू?"

"लोकायले काय सांगाचं? कंडक्टरले यवतमाळ सांगाचं."

माझ्या बायकोला हसू आलं आणि मी दोघींवर ओरडलो. आज मान्य करतो, त्या बसमध्ये आम्ही बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण त्या क्षणी बस म्हणजे मला हार वाटत होती, आणि हरायचं कुणापुढे, तर वीस वर्षं जुन्या इंजिनापुढे. मी मिस्त्रीला फोन केला.

मिस्त्री म्हणजे बसस्टँडामागे गॅरेज असलेले एक सत्तरीचे मुसलमान गृहस्थ. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. स्कूटरच्या डिक्कीत पाने-पक्कड घालून ते आले आणि गाडीला हात लावण्याआधीच मी सौदा ठरवला: गाडी सुरू झाली तर पैसे, नाही तर काही नाही. ते "ठीक आहे सेठ" म्हणाले आणि बोनेटमध्ये वाकले.

गाडी काल धुतली हे कळल्यावर त्यांना पहिला संशय पाण्याचा आला. प्लगच्या टोप्या काढून, पुसून, फुंकून पुन्हा बसवल्या. गाडी फिरली, पेटली नाही. मग त्यांनी एक प्लग बाहेर काढला, वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मला किल्ली मारायला सांगितलं. टोकावर निळी ठिणगी चटचट उडाली.

"करंट मस्त येऊन राह्यला, सेठ. पान्यानं काही नाही बिघडलं."

"मंग होत काहून नाही?"

"इंजनले तीन गोष्टी लागते. करंट, पेट्रोल अन् हवा. करंट आहे. हवा काय, ते फुकट आहे. राह्यलं पेट्रोल."

काटा अर्ध्या टाकीवर होता. काट्यावर भरवसा नको म्हणून त्यांनी शेजारच्याच्या मोटारसायकलमधून बाटलीभर पेट्रोल काढून टाकीत ओतलं. मग इंजिनाकडे येणारी नळी सोडली, खाली डबा धरला आणि पुन्हा किल्ली मारायला लावली. नळीतून एक थेंब आला नाही. टाकीत पेट्रोल होतं, इंजिनापर्यंत येत नव्हतं.

एवढ्यात साडेबारा वाजून गेले. बस गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. मुलीनं मोबाईलवर वेळ पाहिली आणि फाइल मांडीवर ठेवली, तेवढ्यावरून कळलं. पुढची थेट बस साडेतीनची, म्हणजे यवतमाळला पोचेपर्यंत कॉलेजाला कुलूप.

मग मी भाड्याच्या गाड्यांसाठी फोन लावले. आमच्या गावात भाड्यानं गाडी देणारे तिघे आहेत. तिघांशीही माझं कधी ना कधी भाड्यावरून वाजलेलं आहे. मी घासाघीस करतो, ते खरं. पण घासाघीस करणाऱ्या माणसाला ऐन गरजेच्या वेळी तिघांनीही "गाडी बाहेर गेली" म्हणून सांगावं, याला काय म्हणायचं? त्यातल्या एकाची गाडी तर मला माझ्या ओट्यावरून दिसत होती. त्याच्या अंगणात, पिंपळाखाली उभी. मी त्याला फोनवर तसं सांगितलंही. तो म्हणाला, "उभी आहे, पन तुमच्यासाठी बाहेर गेली आहे." आणि फोन ठेवला.

चाचा आता गाडीच्या मागच्या सीटवर कान लावून बसले होते. टाकीतला पंप किल्ली दिल्याबरोबर दोन क्षण गुणगुणतो, तो आवाज ऐकायचा होता. आवाज नव्हता. त्यांनी फ्यूज तपासला, शाबूत होता. रिले बदलून पाहिला, फरक नाही. शेवटी छोटा बल्ब लावलेली वायर घेऊन ते करंट शोधत गेले. फ्यूजच्या डब्यातून करंट बाहेर पडत होता, पंपापर्यंत पोचत नव्हता. मधे कुठेतरी वायर तुटली असणार, आणि ती वायर खालच्या पत्र्याला चिकटवलेल्या गालिच्याखालून गेली होती.

"दोन्ही सीटा काढा लागन. गालिचा उचला लागन. दोन-अडीच घंटे समजा."

दोन वाजायला आले होते. मी म्हणालो, सरळ बॅटरीवरून नवी वायर टाका पंपाला, गालिचा गेला खड्ड्यात. त्यांनी हातातला बल्ब खाली ठेवला.

"रस्त्यात उघडी वायर तापली तं? टाकी मागच्या सीटखाली आहे सेठ. पोरगी घेऊन चालले तुमी. म्या नाही करनार."

मी डबल पैसे देतो म्हणालो. ते तोंड फिरवून पाने पुसू लागले. पैशाला नाही म्हणणारा माणूस माझ्यासमोर आला की माझं डोकं चालेनासं होतं. मग पुसता पुसता त्यांनी ते विचारलं, जे मला नको होतं.

"पहिला मालक कोन होता? जुन्या गाडीत काही ना काही करून ठेवते लोक. त्याले इचारा ना."

पहिल्या मालकाशी मी तीन वर्षं बोललो नव्हतो.

तो आमच्याच समाजातला, माझ्या बापाच्या वयाचा, फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचा. बैलबाजारातला जुना दलाल. मी सोळा-सतरा वर्षांचा असताना तीन हंगाम त्याच्या बाजूला बसलो. बैलाचे दात कसे पहायचे, चाल कशी ओळखायची आणि दुपट्ट्याखाली हात घालून बोटांवर किंमत कशी ठरवायची, हे मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं. पाहिलं म्हणतो, शिकलो म्हणत नाही. त्यानं मला कधी बसवून काही शिकवलं नाही. पाणी आणायला सांगितलं, विड्या आणायला सांगितलं, चार लोकांत आईवरून शिव्या दिल्या. पुढे मी माझ्या बुद्धीनं सरकीत उतरलो, माझ्या जिवावर दुकान टाकलं. आणि हा माणूस बाजारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "तो दिग्रसचा सेठ ना? त्याले म्या घडवलं."

घडवलं. मी काय मडकं आहे? हंगामात दोन-दोन दिवस जेवण नसायचं तेव्हा हा घडवणारा कुठे होता? हे वाक्य माझ्या कानावर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी आणून घालायचं, आणि दर वेळी मी नव्यानं पेटायचो.

त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला, गाडी चालवणं सुटलं आणि त्यानं ती विकायला काढली, तेव्हा मी मुद्दाम गेलो. मला गाडी हवी होती हे खरं, पण त्याच्याकडून, त्याच्या अंगणात, चार माणसांदेखत तिची किंमत पाडून ती घ्यायची होती, हे त्याहून खरं. त्यानं जुन्या सवयीनं दुपट्टा काढला. गाडीचा सौदाही त्यानं बैलासारखाच मांडला. मी दुपट्ट्याखाली त्याची बोटं धरली आणि सोडली नाहीत. तो किंमत वाढवायला एक बोट उघडायला जाई, मी दाबून ठेवी. वरून दोघंही हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. शेवटी त्याचा हात सैल पडला. मी जिंकलो होतो.

आता आमच्या बाजाराची एक रीत आहे, ती सांगायला हवी. सौदा होईपर्यंत विकणारा जनावराचे गुण सांगतो. सौदा झाला, पैसे हातात पडले, की तो जनावराचं दावं घेणाऱ्याच्या हाती देतो आणि देताना त्याच्या कानात खोड सांगतो. डावीकडून हात लावू देत नाही, पाण्याला बुजतो, जू चढवताना मान काढून घेतो, जे असेल ते. कारण जनावर आता त्याच्या घरी जाणार, आणि खोड माहीत नसेल तर कुणाचा तरी जीव जाईल. त्यासाठी घेणारा क्षणभर थांबतो. किंमत कमी करायला त्याचा उपयोग नसतो. तरी थांबतो.

मी थांबलो नाही. पैसे मोजून दिले, किल्ली घेतली, त्याच्या सुनेनं आणलेला चहा तसाच ठेवला आणि गाडी तांड्याबाहेर काढली. बोनेट उघडून मी आधीच पाहिलं होतं, टायर पाहिले होते, धूर पाहिला होता. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास होता. त्याच्याकडून आणखी काही ऐकून घ्यायची मला गरज नव्हती.

चाचा वाट पाहत उभे होते. मी म्हणालो, त्याचा नंबर नाही माझ्याकडे. खरोखर नव्हता, मी काढून टाकला होता. तेव्हा माझी बायको आतून आली, तिच्या मोबाईलवर नंबर लावला आणि घंटा वाजत असतानाच तो माझ्या हातात दिला.

"बोल, बेटी," पलीकडून आवाज आला.

आमचं बोलणं आमच्या तांड्याच्या बोलीत झालं, इथं वऱ्हाडीत लिहितो. मी म्हणालो, "म्या आहो."

पलीकडे दूर कुठेतरी कोंबडा ओरडत होता. मी सांगितलं की गाडी फिरते, पण पेटत नाही.

"पंपाचा आवाज येते काय?"

"नाही येत."

आता हा मागणार, हे मला ठाऊक होतं. त्याच्या जागी मी असतो तर मागितलं असतं. एवढ्या वेळात मी मनात हिशेबही बांधून ठेवला होता. दारात येऊन चहा पी म्हणाला तर जाईन. त्या दिवशीच्या वागण्याबद्दल चूक झाली म्हण म्हणाला तर म्हणेन, पण फोनवर, लोकांत नाही. वरून पैसे मागितले तर निम्म्यावर आणीन. आणि त्यानं मला घडवलं हे माझ्या तोंडून वदवून घ्यायचं म्हणाला, तर मुलगी समोर फाइल घेऊन बसली आहे, म्हणावंच लागेल. हे सगळं मी तयार ठेवलं होतं. दात आवळून, शेवटच्या बोलीसकट.

काही मागायला त्यानं श्वाससुद्धा घेतला नाही.

"डायवरच्या सीटखाली हात घाल. दरवाजाच्या बाजूनं, चटईच्या खाली. एक बटन आहे, घरच्या बत्तीचं असते तसं. बाजारात गाडी उभी राहे, चोरी होऊ नये म्हनून पंपाच्या वायरीत बसवलतं. ते खालतं पडलं असन. वरतं कर."

मी गाडीकडे गेलो, हात घातला. धूळ, एक बोल्ट, आणि मग बोटाला ते लागलं. वॉशिंगवाल्यानं चटई ओढून काढताना ते खाली दाबलं गेलं असणार. मी ते वर केलं आणि किल्ली दिली. मागून पंप गुणगुणला. स्टार्टर एकदा फिरला आणि इंजिन असं लागलं, की जणू सकाळपासून ते माझीच थट्टा करत होतं.

फोन अजून चालू होता. मला आभार मानायचे नव्हते. मी म्हणालो, "तीन वर्स झाले. हे मले आज सांगता काय?"

"तू थांबला होता काय? म्या तोंड उघडलं तं तू तांड्याच्या बाहेर."

"फोन करता येत नव्हता?"

"केलता. दोनदा. तू काटला."

ते खरं होतं. सौदा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचे दोन फोन आले होते. पडलेली किंमत वाढवून मागायला करत असेल, असं समजून मी दोन्ही तोडले होते आणि मग नंबरच काढून टाकला होता. आपली चूक दिसली की मला अधिकच राग येतो. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, "जाय लवकर. पाच वाजता बंद होते ना कॉलेज."

कॉलेजचं मी त्याला सांगितलं नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. ती चाचांना पाणी देण्यात गुंतली होती.

चाचांनी हात पुसले आणि पैसे मागितले. मी म्हणालो, गाडी तुमच्या हातानं कुठे सुरू झाली? ते म्हणाले, "सौदा गाडी सुरू झाली तं पैसे, असा होता सेठ. कोनाच्या हातानं, ते बोललो नव्हतो." मी दिले. त्यांनी सांगितले तेवढे. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला मी पहिल्याच आकड्यावर पैसे दिले, कारण अडीच वाजले होते.

दारव्ह्यापर्यंत पुढे ट्रॅक्टर आला की हॉर्न दाबत होतो, म्हशी आल्या की म्हशींना शिव्या देत होतो. तिनं एकदाच मला हळू चालवायला सांगितलं. साडेचार वाजून गेल्यावर आम्ही कॉलेजच्या फाटकाशी पोचलो. ती उतरली आणि फाइल घेऊन धावत आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. मी इंजिन बंद करायचं धाडस केलं नाही. पेट्रोल जळत होतं आणि मी आत बसून घड्याळ पाहत होतो. पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटं झाली. मी त्या म्हाताऱ्याला, वॉशिंगवाल्याला, तिन्ही गाडीवाल्यांना आणि बायकोला मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. ती बाहेर आली तेव्हा हातात शिक्का मारलेली पावती होती. ती सीटवर बसली आणि तिनं डोळे पुसले. त्या दिवशी ती किती घाबरली होती, ते मला तेव्हा कळलं. दिवसभर ती ओट्यावर गप्प बसली होती आणि मी त्या गप्प बसण्याला तिचा शांत स्वभाव समजलो होतो.

मला आता एकच काम उरलं होतं. मी मुलीला त्या म्हाताऱ्याचा नंबर विचारला. तिच्या मोबाईलमध्येही तो होता. मी लावला.

"काय घ्याचं ते बोला," मी म्हणालो. "म्या कोनाचं फुकट घेत नाही."

"पोरीचं झालं काय?"

"झालं."

"मंग झालं."

"असं नाही. काही तरी बोला."

"आज म्या तुले काही इकलंच नाही," तो म्हणाला, "तं किंमत कायची बोलू?" आणि त्यानं फोन ठेवला.

मी हातात फोन घेऊन बसून राहिलो. ज्याच्याशी भांडायचं तो निघून गेला होता. तेवढ्यात पार्किंगवाला पावतीचं बुक घेऊन काचेशी आला. मी त्याच्यावर तुटून पडलो. मी गाडी लावलीच नाही, इंजिन चालू आहे, चालू गाडीला पार्किंग कुठल्या कायद्यानं लागतं, असं बरंच. माणसं थांबून पाहू लागली. मुलीनं आपल्या पर्समधून पैसे काढून त्याला दिले आणि पावती घेतली.

"बा, चला आता," ती म्हणाली.

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. बायको आणि मुलगी दोघी त्याला फोन करतात, माझ्यासमोर करतात. तो अजून बाजारात जातो, काठी टेकत, आणि मला घडवल्याचं अजूनही लोकांना सांगतो. पण त्या बटणाचं त्यानं कुणालाच सांगितलेलं नाही. मी दोन-तीन जणांकडून काढून पाहिलं, आडून आडून विचारलं. कुणाला काही माहीत नाही. सांगितलं असतं, तर मला त्याच्या दारात भांडायला जाता आलं असतं.